मेंटेनन्स-फ्री म्हणे!

"साहेब, हा मेंटेनन्स-फ्री आहे. बसवायचा आणि विसरून जायचं."

चार वर्षांपूर्वी हे वाक्य ऐकलं, मान डोलावली, १० हजारांच्या आसपास पैसे मोजले आणि लिक्विड कूलर घरी घेऊन आलो. बसवला. आणि सांगितल्याप्रमाणे विसरूनही गेलो. माणसाने किती आज्ञाधारक असावं!

आज मात्र त्या एका शब्दाशी भांडायला बसलोय. शनिवारची दुपार आहे, जेवण अंगावर आलंय, तरी बसलोय. कारण माझ्या मते काँप्युटरच्या बाजारात जेवढे लबाड शब्द फिरतात त्या सगळ्यांचा हा आजोबा.

आधी काय झालं ते सांगतो. गेल्या मार्चमध्ये घरच्या मशीनवर आमच्या प्रोजेक्टचा पूर्ण बिल्ड, जो एरवी ११ मिनिटांत व्हायचा, तो १७-१८ मिनिटं घ्यायला लागला. नेमका त्याच आठवड्यात टीममधल्या एका नव्या मुलाने एका कॉमन हेडर फाइलमध्ये बरीच उलथापालथ केली होती. मग काय, सापडला बकरा. कॉलवर सगळ्यांसमोर त्याला सुनावलं, की बाबा रे, एका हेडरमध्ये अख्खं गाव इन्क्लूड केल्यावर दुसरं काय होणार? बिचाऱ्याने दोन दिवस घालवून सगळं पूर्ववत करून दाखवलं. माझा बिल्ड १७ मिनिटं तो १७ मिनिटंच. 'माझ्या मशीनवर काहीच फरक नाहीये' असं तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. मी ऐकत नव्हतो. (सिनियर ना आम्ही!)

मग एका रात्री घर शांत असताना मशीन चालू केलं आणि कॅबिनेटमधून आवाज आला. गुडगुड. पोटात गॅस धरल्यासारखा. तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बिल्ड लावला, तर दहा सेकंदांत प्रोसेसर १०० अंशांवर आणि क्लॉक ४.७ गिगाहर्ट्झवरून घसरत घसरत २.८ वर. प्रोसेसर स्वतःचा जीव वाचवायला हळू चालत होता. हल्लीचे प्रोसेसर जळत नाहीत हो, निमूटपणे मंद होतात. चांगली सवय आहे, पण घोटाळाही तिथेच आहे. गाडी तापली की बॉनेटमधून वाफ येते आणि आपण थांबतो. इथे वाफ नाही, बीप नाही, काही नाही. खापर कुणाच्या तरी हेडर फाइलवर.

त्या मुलाची माफी मागितली. कॉलवरच, सगळ्यांसमोर. तो "इट्स ओके सर" म्हणाला, ते जरा जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी कूलरवाल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. वॉरंटी तीन वर्षांची, ती संपलेली. म्हटलं फुकट नको, पैसे घ्या, पण उघडून पाणी भरून द्या. तिकडून उत्तर, "सर, ते सील्ड युनिट असतं, त्यात पाणी भरता येत नाही. नवीन घेऊन टाका ना, आता स्क्रीनवालं मॉडेल आलंय."

सील्ड. बरं. मग माझं पाणी गेलं कुठे? कॅबिनेटमध्ये एक थेंब सांडलेला नव्हता.

उत्तर साधं आहे आणि ते कूलर बनवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. प्रोसेसरवर बसलेला पंप आणि तांब्याची प्लेट, तिकडे पंख्यांना चिकटलेला रेडिएटर, आणि या दोघांना जोडणाऱ्या दोन रबरी नळ्या. रबर आपल्याला घट्ट वाटतं, पाण्याच्या रेणूला नाही. वाढदिवसाचा फुगा गाठ पक्की असूनही दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, तसंच हे. फक्त फुग्याला एक रात्र लागते, कूलरला वर्षं. पाणी नळीच्या भिंतीतून हळूहळू निघून जातं, त्याच्या जागी हवा येते, आणि हवा लूपमधल्या सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती उंच जागा पंप असेल तर पंप कोरडा फिरतो आणि मरतो. माझा रेडिएटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, नळ्या वरून निघतील असा लावलेला. म्हणजे हवा बरोब्बर नळ्यांच्या तोंडाशी. गुडगुड तीच. (हा उभं-आडवं लावण्याचा मुद्दा २०२० मध्ये 'गेमर्स नेक्सस'वाल्यांनी एका व्हिडिओत इतका सोलून दाखवला की त्यानंतर तरी दुकानदारांना अक्कल यायला हवी होती. असो.)

मग मी वॉरंटी संपल्याचा फायदा घेतला, म्हणजे कूलर काढून टेबलावर ठेवला. रेडिएटरच्या एका टोकाला ते चंदेरी स्टिकर. 'काढल्यास वॉरंटी रद्द'वालं. नखाने काढलं.

खाली एक स्क्रू होता. स्क्रूखाली रबरी वॉशर. आणि त्याखाली भोक.

पाणी भरायचं भोक! अर्थात असणारच. कारखान्यात त्यात पाणी काय मंत्र म्हणून भरतात का? भरायची जागा होती, तिच्यावर स्टिकर लावला होता, आणि फोनवर मला 'भरता येत नाही' असं सांगितलं होतं. त्या क्षणी 'मेंटेनन्स-फ्री' या शब्दाचा खरा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. देखभाल लागत नाही असं त्यात कुणी म्हणतच नाहीये. तुम्ही ती करू नये अशी व्यवस्था केलीय, एवढंच म्हणणं आहे.

मेडिकलमधून १० मिलिची सिरिंज आणली, बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर. नळीतून उडून जातं ते पाणी. त्यात मिसळलेलं ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायनं बहुतेक आतच राहतात, म्हणून वरून नुसतं डिस्टिल्ड वॉटर टाकलं तरी काम भागतं. रेडिएटर तिरका करत, नळ्या हलक्या हाताने दाबून बुडबुडे काढत किती गेलं असेल? ३५ मिलि. खोकल्याच्या औषधाची साडेतीन टोपणं. तेवढ्यासाठी चांगला चालू पंप, चांगला रेडिएटर, तांब्याची प्लेट आणि दोन पंखे असा सगळा ऐवज मी भंगारात टाकून वर स्क्रीनवालं मॉडेल घ्यायचं होतं! नवी थर्मल पेस्ट लावली, परत बसवताना रेडिएटर उलटा करून नळ्या खालून घेतल्या. पूर्ण लोडवर ७८ अंश. बिल्ड ११ मिनिटं.

आता कुणी म्हणेल, तुझं एक युनिट खराब निघालं म्हणून एवढा त्रागा कशाला? अहो, माझं युनिट खराब नव्हतंच. ते ठरल्याप्रमाणे म्हातारं होत होतं. तांब्याची प्लेट, बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि मध्ये द्रव. दहावीच्या विज्ञानात दोन धातू द्रावणात बुडवून बल्ब लावायचो, आठवतंय? तोच प्रयोग कॅबिनेटमध्ये अखंड चालू असतो, आणि गंजरोधक रसायन त्याला रोखून धरतं. रसायन दमलं की गाळ तयार होतो, आणि प्लेटवरच्या खाचा मिलिमीटरच्या जेमतेम एखाद-दोन दशांश रुंद, त्यामुळे गाळ अडकतो नेमका तिथेच. मोठमोठ्या कंपन्यांचं हे झालंय. २०२१ मध्ये एमएसआयला आपल्या 'मॅग कोअरलिक्विड' मालिकेतल्या काही कूलरांमध्ये गाळ साचून प्रवाह अडू शकतो हे मान्य करावं लागलं. त्याआधीचं उदाहरण हवं? २००४ मध्ये ॲपलने २.५ गिगाहर्ट्झचा पॉवर मॅक जी५ काढला, दोन प्रोसेसर, आत लिक्विड कूलिंग. देखणं मशीन. मालकाने कूलंट तपासावं, बदलावं अशी सोय मात्र त्यात नव्हती. पुढे काही वर्षांनी त्यातल्या कित्येकांना गळती लागली आणि गंजलेले बोर्ड घेऊन लोक बसले. तेव्हापासून आपण शिकलो काय, तर स्टिकर चांगल्या गोंदाचं वापरायला.

बरं, वेगळं करता येत नाही असंही नाही. आर्क्टिकच्या 'लिक्विड फ्रीझर २' मध्ये २०२२ साली दोष निघाला. सीलच्या रबरामुळे तांब्याची प्लेट खराब होत होती. त्यांनी दुरुस्तीचं किट फुकट द्यायला सुरुवात केली. ज्याला जमेल त्याने घरी उघडून बदला, नाही तर आमच्याकडे पाठवा. लोकांनी बदललं की घरी! स्क्रू ड्रायव्हर धरता येणाऱ्या माणसांनीच. बी क्वायटच्या 'प्युअर लूप'ला भरायचं तोंड उघड्यावर ठेवलंय आणि खोक्यात कूलंटची छोटी बाटलीही देतात. अल्फाकूलचा 'आयस्बेअर'ही पुन्हा भरता येतो. म्हणजे तंत्र आहे, खर्च फार नाही. फक्त 'कधीतरी पाणी बघावं लागेल' एवढं वाक्य खोक्यावर छापायची हिंमत हवी.

आणि ही हिंमत कंपन्यांमध्ये का नाही? कारण ते वाक्य वाचून आपण शेजारचं खोकं उचलू. हो, आपणच. इथे थोडं आपल्यालाही झोडपतो, त्याशिवाय मला जेवण पचणार नाही.

आपण लोक हापिसात काय करतो? सर्व्हरला मेंटेनन्स विंडो ठेवतो. लॉग साचून डिस्क भरू नये म्हणून स्क्रिप्ट लावतो. मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड नसलेली सिस्टिम कुणी प्रॉडक्शनमध्ये टाकायला निघालं तर त्याला उभा-आडवा घेतो. आणि घरी? सव्वा-दीड लाखाचं मशीन, आत इंद्रधनुष्य पेटलेलं, काचेच्या दारातून सगळ्यांना दिसावं म्हणून टेबलावर मांडलेलं, आणि रेडिएटरच्या जाळीत तीन दिवाळ्यांची धूळ. पुण्यात तर प्रत्येक खिडकीसमोर एक बांधकाम चालू असतं. माळ्यावरचे डबे काढून पुसतो आपण दिवाळीला, कॅबिनेटचं दार मात्र 'नको, काहीतरी हलेल' म्हणून उघडत नाही.

ही भीती आपल्याला जन्मतः नव्हती. भारनियमनाच्या दिवसांत घराघरात इन्व्हर्टर आले, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी बॅटरीची सहा झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर कोण भरायचं? माझ्या घरी आई भरायची. ॲसिडची बॅटरी ती, कूलरपेक्षा कैक पटींनी धोक्याची. तरी तिच्यावर तरंगणारे लाल-हिरवे दर्शक होते, पाणी कुठवर हवं याची खूण होती, आणि झाकण हाताने फिरवून उघडत होतं. बॅटरी बनवणाऱ्याने गृहीत धरलं होतं की घरातल्या माणसाला हे जमेल. माझ्या कूलरवाल्याने गृहीत धरलंय की सॉफ्टवेअर इंजिनियरला जमणार नाही. आईला सांगितलं तर हसेल.

दुसऱ्या टोकाला ते कस्टम लूपवाले. स्वतः नळ्या वाकवणारे, टाकी-पंप वेगळा घेणारे. हे लोक निदान पाणी बदलतात म्हणून मला जवळचे, पण त्यांच्या बाजारातही थापा कमी नाहीत. 'नॉन-कंडक्टिव्ह कूलंट' घ्या. बाटलीत असेपर्यंत असतो तो. लूपमध्ये फिरून धातूंचे आयन घेतले की व्हायची ती वीज वाहणारच. दुधी-गुलाबी रंगाचे कूलंट घ्या. फोटो फार सुंदर येतात, आणि काही महिन्यांनी त्यातला रंग प्लेटच्या खाचांत जाऊन बसतो. स्वस्त मऊ पारदर्शक नळी घ्या. तिच्यातलं प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन पाण्यात उतरतं आणि ब्लॉकमध्ये चिकट थर धरतं. काळी ईपीडीएम नळी दिसायला बागेतल्या पाइपसारखी, पण हे नखरे करत नाही. ज्यांना खरोखर पाण्यावर मशीन चालवायचंय त्यांनी साधा रंगहीन कूलंट, काळी नळी आणि तळाशी पाणी सोडायला एक कॉक एवढं तरी करावं. वर्षाला एकदा सगळं रिकामं करायचं, डिस्टिल्ड वॉटरने खळबळायचं, नवं भरायचं. नळाचं पाणी चुकूनही नाही, बादलीला क्षार धरतात तसे आत धरतील. भरल्यावर एसएमपीएसची वीज फक्त पंपाला, बाकी सगळं बंद, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर आणि रात्रभर फिरू द्यायचं. सकाळी कागद कोरडे तर पुढे.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हा पुढचा प्रश्न. मान्य. खरंच मान्य. मग लिक्विड कूलर घेऊ नका ना राव! एअर कूलर घ्या. गंमत सांगतो, तो जाडजूड ॲल्युमिनियमचा मनोरा असतो ना, त्याच्यातून जाणाऱ्या तांब्याच्या हीट पाइपमध्येही थोडंसं पाणीच असतं. खाली तापून त्याची वाफ होते, वर जाऊन निवते, आतल्या जाळीतून झिरपत परत खाली येते. पंप नाही, रबर नाही, चहूबाजूंनी तांबं. 'सील्ड' या शब्दाला जागणारं लिक्विड कूलिंग ते, आणि त्याला मात्र कुणी लिक्विड म्हणत नाही. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा २०१४ सालचा मनोरा अजून भल्याभल्यांना पुरून उरतो. त्याचा पंखा मेला तर पंखा बदला, संपलं.

पाणी हवेपेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं यात वाद नाही. तेवढ्याच आकारमानात साधारण ३५०० पट. मोठ्या डेटा सेंटरांमध्ये तर आता त्याला पर्याय नाही; एनव्हिडियाने २०२४ मध्ये जाहीर केलेला जीबी२०० एनव्हीएल७२ हा रॅक लिक्विड कूलिंगवरच चालतो. पण तिथे पाण्याला फिल्टर असतात, पाण्याची तपासणी असते, त्याचं वेळापत्रक असतं. ज्यांचे कोट्यवधी रुपये लागलेत ते 'विसरून जा' म्हणत नाहीत. ते फक्त आपल्याला म्हणतात.

मी स्वतः आता काय करतो ते सांगतो, फार नाही. महिन्याकाठी ब्लोअरने रेडिएटरची धूळ, पंख्याचं पातं बोटाने धरून (नाहीतर वाऱ्याने भन्नाट फिरतं आणि बेअरिंगची वाट लागते). सहा महिन्यांनी एक मोजमाप. खोलीचं तापमान आणि पूर्ण लोडवरचं प्रोसेसरचं तापमान, यातला फरक. नुसतं प्रोसेसरचं तापमान बघाल तर मे महिन्यात उगाच घाबराल आणि डिसेंबरात उगाच खूश व्हाल. फरक वाढायला लागला की काहीतरी शिजतंय. पंपाचे फेरे बायोसमध्ये दिसतात, तेही लिहितो. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय, घराच्या गॅस सिलिंडरच्या तारखा लिहितात तसा. बायको म्हणते, तुझ्या बीपीचीही अशीच नोंद ठेव.

सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलंय. मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, गाड्या, शेतीची अवजारं. चांगलं आहे, वाढू दे. पण पोर्टल काही दुकानात आपल्यासोबत येत नाही. काउंटरवर विचारावं आपल्यालाच लागतं.

म्हणून गेल्या रविवारी भाच्याला घेऊन मशीनचे पार्ट घ्यायला गेलो तेव्हा विचारलं. त्याने आधीच ठरवून ठेवलेला, वर गोल स्क्रीन असलेला कूलर काउंटरवर आला. म्हटलं, "यात पाणी कुठून भरायचं?" दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मग भाच्याकडे, मग आतल्या पोराला हाक मारली. त्या पोराने खोकं फिरवून फिरवून पाहिलं. "साहेब, असं कधी कुणी विचारलं नाही." म्हटलं, मग विचारून ठेवा कंपनीला, मी परत येईन. आणि मनोऱ्यावाला एअर कूलर घेऊन, वर पैसे वाचवून बाहेर पडलो.

भाचा तेव्हापासून बोलत नाहीये. त्याच्या मित्राच्या कूलरवर मांजर नाचतं म्हणे, स्क्रीनवर.